काळ्या खिडकीचा प्रचार

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या कपाटातून ही वही न विचारता उचलली आहे. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आठ दिवस लिहिशील आणि मग पडून राहील. तिचं बहुतेक वेळा बरोबरच निघतं, त्याचाच तर त्रास होतो.

आज कामावर रुजू झालो. चार मजली हॉस्पिटल आहे, पण माझा पेशंटांशी काही संबंध नाही. मी तळघरात. खाली जायला बावीस पायऱ्या, त्यातली चौदावी उगाच उंच, पहिल्याच दिवशी ठेचकाळलो. खाली सर्व्हर रूम. तिथे एसीचा असा गारठा की माणसं स्वेटर घालून बसतात आणि जेवायला वर आली की घामाघूम होतात. माणसं म्हणजे दोनच. एक काका. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत त्यांना सगळे काकाच म्हणतात. एकोणीस वर्षं हेच काम केलंय, दोन वर्षांनी निवृत्त होतील. दुसऱ्या मॅडम, चाळिशीच्या अलीकडच्या, तोंडानं फटकळ. दोघं मिळून हॉस्पिटलचे अकरा विंडोज सर्व्हर सांभाळतात, तेही सगळं माऊसनं. इथे क्लिक, तिथे क्लिक, ओके, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

मला घेतलंय ते हे बदलायला. संगणक विभागाच्या साहेबांनी समजावून सांगितलं. लॅबचे रिपोर्ट वॉर्डांत पोचवणारा जो सर्व्हर आहे, त्याचा परवाना तीस एप्रिलला संपतो. त्याआधी ते काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीवर न्यायचं, आणि या दोघांना काळ्या खिडकीत कमांड टाइप करून काम करायला शिकवायचं. पण दोघांची लेखी संमती पाहिजे. "उद्या काही झालं तर म्हणतील, आम्हाला विचारलंच नव्हतं. दोन सह्या आण, तू कायम. नाही आणल्यास तर तीस एप्रिलला नमस्कार."

घरी सांगितलं. ताईनं शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाली, सहा वर्षांत नऊ नोकऱ्या झाल्या तुझ्या, सोफ्याच्या स्प्रिंगा तुझ्या पाठीच्या आकाराच्या झाल्यात. मे महिन्यात दाजींच्या आई कायमच्या राहायला येणार आहेत. तेव्हा सोफ्याची खोली लागेल. दाजी पेपरमागून नुसते खोकले. दाजींचं खोकणं मला समजतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मला वाटलं होतं दोन आठवड्यांचं काम आहे. चांगली गोष्ट दाखवली की माणूस घेतो, अशी माझी समजूत. मी स्वतः नाही का घेतली? शाळा अर्धवट सोडून एका पाट्या रंगवणाऱ्याकडे कामाला होतो, तिथे एक मोडका कॉम्प्युटर पडला होता. विंडोज त्यावर चालेना. एका गिऱ्हाइकानं लिनक्सची सीडी दिली आणि ते भंगार चालायला लागलं. त्या उन्हाळ्यात मी पाट्या कमी रंगवल्या आणि कमांडच जास्त शिकलो. रंगाऱ्यानं शेवटी हाकललं, तो भाग वेगळा. त्यानंतर मी फेरीबोटीवर दोर टाकायला होतो. बोटीवरचा स्वयंपाकी एका हातानं अंडी फोडायचा, दोन-दोन. ते मी अजून शिकतोच आहे.

तर आज तासभर बोललो. कमांड लिहून ठेवता येते, पुन्हा चालवता येते, दुसऱ्याला देता येते, क्लिक कुणाला देता येत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक जाड वही काढली. प्रत्येक कामाच्या पायऱ्या, क्रमांक घालून. कुठल्या खिडकीत कुठलं बटण, त्याची पेन्सिलनं काढलेली चित्रंसुद्धा. "हे बघ, लिहून ठेवलंय. पुन्हा करता येतं. दुसऱ्यालाही देता येतं."

मी कपाळाला हात लावला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दर मंगळवारी दोन वाजता काका रिपोर्टचा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतात, नाहीतर तो आठवड्यात गुदमरतो म्हणे. वहीत तेवीस पायऱ्या आहेत. आज घड्याळ लावून मागे बसलो. एकशे एक्केचाळीस क्लिक आणि सेहेचाळीस मिनिटं. त्यातली वीस मिनिटं तर गप्पांतच गेली. आठवी पायरी झाली की काका खुर्ची मागे सरकवतात आणि वॉर्डांना फोन लावतात. एक-दोन नाही, तीन. कोपऱ्यातल्या वॉर्डच्या सिस्टरच्या सुनेची तब्येत, दुसरीच्या घराला आलेली ओल, तिसरीची बदली. कागद काढून ठेवा हं, असंही काहीतरी चाललं होतं. यांची आणि सिस्टरांची कागदांवर काय एवढी चर्चा चालते, देव जाणे. सर्व्हर तिकडे अर्धवट उभा आणि हे इकडे सासू-सुना करतायत.

सगळं टिपून ठेवलंय. साहेबांना दाखवणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कँटीनमध्ये वर्ग घेतला. साहेबांनी आणखी पाचजणांना पाठवलं होतं, बिलिंगचे दोन, स्टोअरचे तीन. भिंतीवर मोठा पडदा लावला. हजार फायलींची नावं एका ओळीत बदलून दाखवली. मला वाटलं आता टाळ्या. मॅडमनी हात वर केला. "फार छान. पण बटण कुठंय?"

सगळे हसले. बिलिंगवाला तर चहा सांडेपर्यंत हसला. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'प्रचारक' झालोय. लिफ्टमध्ये विचारतात, काय प्रचारक, आज किती जणांना बाटवलंत.

जनरेटरच्या खोलीमागे एक मांजर व्यायलंय. चार पिल्लं आहेत. संध्याकाळी तिथेच बसलो होतो. त्यांना तरी काही पटवायचं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. घसा फोडला, घरी आलो.

४ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं होतं. माझं टिपण त्यांना फार आवडलं, गप्पांची वीस मिनिटं तर त्यांनी लाल पेननं अधोरेखित केली. म्हणाले, असंच प्रत्येक कामाचं काढ, कोण किती वेळ कशात घालवतं ते. सह्यांचं काय, विचारलं. मी म्हटलं, होतील. होतील कसल्या. काका 'बघू' म्हणतात आणि मॅडम तेवढंही म्हणत नाहीत.

आज मॅडमना सरळ विचारलं, तुम्हाला अडचण काय आहे. त्या म्हणाल्या, "तू जाशील. तुझ्याकडे बघूनच कळतं. तू गेल्यावर रविवारी ही काळी खिडकी बिघडली की फोन मला येणार. माझी मुलगी आठवड्यातून तेवढाच एक दिवस मला बघते." मी म्हटलं, लिनक्स सहसा बिघडत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बिघडलोय.

आळस, दुसरं काय.

१२ मार्च, बुधवार

आज पहिल्यांदा बरं वाटलं.

औषधांच्या काउंटरवरून तक्रार आली की गेल्या महिन्यात एका पेशंटचा रिपोर्ट पोचलाच नव्हता. काका सकाळी आठपासून एकेका दिवसाची नोंदींची फाइल उघडून खाली सरकवत वाचत होते. प्रत्येक फाइल हजारो ओळींची. अकरापर्यंत नऊ दिवसांच्या फायली झाल्या, डोळे लाल. मी सगळ्या फायली माझ्या मशीनवर ओढल्या आणि पेशंटचा नंबर घालून एक ओळ टाइप केली. दोन सेकंदांत उत्तर आलं. रिपोर्ट गेला होता, पण चुकीच्या मजल्यावर.

काका म्हणाले, पुन्हा कर. केलं. पुन्हा कर. तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्यांनी वही उघडली आणि ती ओळ उतरवून घेतली, मोकळी जागा कुठे सोडायची तेसुद्धा खुणा करून. मग चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते. एकोणीस वर्षांत अशा किती सकाळी गेल्या असतील, त्याचा हिशोब करत असावेत. मी विचारलं नाही. मला भूक लागली होती.

१८ मार्च, मंगळवार

काका शिकतायत, पण माझा जीव जातोय. एका बोटानं टाइप करतात, बोट वरून घिरट्या घालतं आणि अक्षरावर उतरतं. प्रत्येक ठिकाणी 'का' विचारतात. हे चिन्ह का, इथेच का, उलट लिहिलं तर काय होईल. 'का' ते मला माहीत नाही! मला फक्त चालतं हे माहीत आहे. रंगाऱ्याकडे कुणी 'का' विचारायला नव्हतं.

दुपारी मंगळवारचं ते सगळं पुन्हा झालं, तेवीस पायऱ्या, फोनसकट. सुनेला मुलगी झाली. मलाही कळलं, कारण मी शेजारीच जांभया देत होतो.

२ एप्रिल, बुधवार

पहिली सही झाली. मॅडमची!

आणि माझ्या एकाही भाषणामुळे नाही, हे जास्त झोंबलं. इथे सगळ्या विंडोज सर्व्हरवर एकच नाव चालतं, ॲडमिनिस्ट्रेटर. ते अधिकृतपणे काकांच्या ताब्यात, पण पासवर्ड टेबलाखाली चिकटवलेला, कुणीही वापरतं. माझ्या लिनक्स मशीनवर मी तिघांची तीन नावं केली होती, उगाच, सवयीनं. मॅडम आज मागून पाहत होत्या. कुणी काय टाइप केलं आणि कधी, हे सगळं नावासकट त्यात राहतं म्हटल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पगाराचं एक फोल्डर उडवलं होतं. त्या दिवशी मॅडम ड्यूटीवर होत्या म्हणून सगळं त्यांच्यावर आलं. बढती गेली. "मी नव्हते, हे मी कशावरून सांगणार होते? नाव तर सगळ्यांचं एकच." मग विचारलं, कागद कुठंय तुझा.

मी दोन महिने वेगाचं कौतुक सांगत होतो.

८ एप्रिल, मंगळवार

आता काका. ते म्हणतात, मंगळवारचं काम तुझ्या एका कमांडवर होत असेल तर सही देतो. मग काय, वही मागून घेतली आणि तेवीस पायऱ्यांची स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी. माझ्या मशीनवरून ती जुन्या सर्व्हरला एकेक हुकूम देते. दिवसभर लागला.

आठव्या आणि नवव्या पायरीच्या मध्ये वहीत तीन आकडे लिहिलेत, भोवती गोल. विचारलं हे काय. काका हसले. "ते माझं बोलण्याचं. ते तुझ्या यंत्रात कुठं बसवणार?" पुढे काहीतरी सांगत होते, पण स्टोअरवाल्यानं वरून हाक मारली की मांजराची पिल्लं लिफ्टच्या खड्ड्याजवळ गेलीत. धावलो. तीन सापडली, चौथं जिन्याखाली निघालं.

१४ एप्रिल, सोमवार

काकांनी दुपारी सही केली. स्क्रिप्टमधले सगळे हुकूम आधी एकेक करून माझ्याकडून वदवून घेतले, मग नाव लिहिलं, तारीख घातली. म्हणाले उद्या मंगळवार, आपण दोघं मिळून चालवू. त्याआधी मला डोळ्यांत थेंब घालायला दुसऱ्या मजल्यावर जायचंय, आलो की करू.

ताईला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. ती मशीन थांबवत नाही कधी. म्हणाली, मग आता एक बरा शर्ट शिवते तुला.

१५ एप्रिल, मंगळवार

दोन वाजले तरी काका आले नाहीत. मी काय वाट बघत बसू? दोन वाजून एक मिनिटानं एंटर मारला. चार मिनिटांत तेवीस पायऱ्या. सेहेचाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत! मॅडम जेवायला गेल्या होत्या, नाहीतर त्यांना दाखवलं असतं.

काका अडीचला आले, डोळे चोळत, भिंतीचा आधार घेत. मी म्हटलं झालंसुद्धा. शाबासकी राहिली बाजूला, त्यांचा चेहराच उतरला. विचारलं, फोन केलास का वर. मी म्हटलं कसला फोन. ते आंधळ्यासारखे टेबल चाचपत फोनकडे गेले. पहिला लागला. दुसरा लागला. कोपऱ्यातल्या वॉर्डचा कुणी उचलेना, तेव्हा तसेच जिन्यानं निघाले.

एका कमांडनं काम होतं हे यांना बघवत नाही. मूड घालवला.

१६ एप्रिल, बुधवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

त्या तीन वॉर्डांत जुने प्रिंटर आहेत. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की ते शेवटच्या रिपोर्टची चिठ्ठी पुन्हा छापतात आणि वर वेळ नवीन घालतात. म्हणून काका आधी फोन करून कागद काढून ठेवायला सांगतात आणि काम झालं की पुन्हा घालायला सांगतात. बाकीचं सुना वगैरे हे सिस्टर फोनवर थांबाव्यात म्हणून. किंवा तसंच.

कोपऱ्यातल्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर एक बाई आहेत, शाळेत गाणं शिकवतात. सकाळी त्यांचं पोटॅशियम कमी आलं होतं, सलाईनमधून दिलं, दुपारच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. दोन वाजून चार मिनिटांनी चिठ्ठी आली. सगळ्यांना वाटलं तो हाच. ती सकाळचीच होती. डॉक्टरांनी पुन्हा पोटॅशियम सुरू केलं, आणि ते जास्त झालं की थेट हृदयावर जातं. काका वर पोचले तेव्हा बाई म्हणत होत्या, छातीत फडफडतंय. ते बंद केलं. रात्रभर त्यांना वेगळ्या खोलीत यंत्रं लावून ठेवलं होतं. आता बऱ्या आहेत म्हणतात.

ताईनं विचारलं जेवत का नाहीस. म्हटलं पोट बरं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

चौकशी बसली आहे. मेट्रन, एक मोठे डॉक्टर आणि प्रशासनाचे एक गृहस्थ.

साहेबांनी केबिनमध्ये घेऊन दार लावलं. जुन्या सर्व्हरच्या नोंदीत ॲडमिनिस्ट्रेटर एवढंच आलंय. ते नाव काकांच्या ताब्यातलं. संमतीच्या कागदावर सह्या काकांची आणि मॅडमची. "तुझं नाव कुठंच नाही. तू शिकाऊ. तुझं पत्र तयार आहे, एक मेपासून कायम. गप्प बसायचं, बस्स." मग म्हणाले, ते तुझं लिनक्स मशीन मंगळवारपर्यंत पुसून नव्यानं बसव, म्हणजे सुरुवात स्वच्छ होईल.

साहेब माझ्याबाबतीत नेहमीच चांगले वागलेत. मग त्या सह्या त्यांनी कशाला मागितल्या होत्या, याचा विचार करत मी बसनं दोन स्टॉप पुढे गेलो आणि चालत परत आलो.

काकांना काय होईल, विचारलं होतं. म्हणाले, दोनच वर्षं राहिलीत, घरी बसतील.

२० एप्रिल, रविवार

ताईनं शर्ट पूर्ण केला. निळा. बाह्यांची लांबी बरोबर आली आहे. दाजी म्हणाले, कायम माणूस दिसतोस. पहिल्यांदाच ते माझ्याशी न खोकता बोलले.

कायम झालो की खोली बघणार होतो. जनरेटरच्या बाजूच्या गल्लीत एक आहे, खिडकीला गज नाहीत. मी आत उभा राहून बघून आलोय.

२१ एप्रिल, सोमवार

वर गेलो होतो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि बोटांनी चादरीवर ताल धरून शेजारणीला सांगत होत्या की इथला चहा बेसूर आहे. मला विचारलं, तू कोण रे. म्हटलं प्रिंटर बघायला आलोय. म्हणाल्या, नीट बघ बाबा, त्या सिस्टर फार रडल्या त्या दिवशी.

खाली आलो. काका कामावर होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की ती शोधायची ओळ आहे ना, त्यात दोन नंबर एकदम शोधायचे असतील तर काय करायचं. मी सांगितलं. उगाच चिडून सांगितलं. तीनदा.

यांनी तेव्हा नीट सांगायला काय झालं होतं? बोलण्याचं म्हणे. आणि मी मांजरामागे धावलो.

२२ एप्रिल, मंगळवार

मशीन पुसायला बसलो. एक ओळ टाइप करायची होती, बाकी मशीन करतं. पण त्याआधी नुसतं बघावं म्हणून जुन्या कमांडची यादी काढली. वाचत बसलो. फेब्रुवारीतल्या, मार्चमधल्या, काय काय मूर्खासारखं टाइप केलंय मी. चारशे बाराव्या ओळीला ते होतं. माझं नाव, पंधरा एप्रिल, दोन वाजून एक मिनिट सतरा सेकंद.

ती पानं छापली आणि मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी चष्म्यावरून विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, ज्यानं कमांड चालवली त्याचं नाव यात आहे. कोण, म्हणाल्या. मला वाटलं होतं कागद बोलेल. शेवटी मलाच बोलावं लागलं, आधी त्यांच्यासमोर, मग खाली मॅडमसमोर, साहेबांनी पुसायला सांगितलं होतं त्यासकट.

२४ एप्रिल, गुरुवार

चौकशीत अडीच तास गेले. मोठ्या डॉक्टरांना माझ्या छापलेल्या पानांत काही कळेना. ते म्हणाले, ही सगळी अगम्य अक्षरं आहेत, हा पोरगा काकांना वाचवायला काहीही छापून आणेल. साहेबांनी लगेच दुजोरा दिला. मी समजवायला लागलो आणि माझं जे नेहमी होतं तेच झालं, मशीन कसं काम करतं तिथपासून सुरुवात, सगळे घड्याळाकडे बघायला लागले.

मॅडम उठल्या. पान हातात घेतलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, एकेक शब्द. हे नाव, हे मशीन, ही तारीख, ही वेळ. या शब्दानं स्क्रिप्ट सुरू होते, हा जुन्या सर्व्हरचा पत्ता. "याच वेळी काका दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांत थेंब घालून बसले होते. त्यांच्या केसपेपरवर वेळ आहे, मागवून घ्या." एका ठिकाणी त्या चुकल्या, त्या चिन्हाचा अर्थ तो नाही. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर काकांनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

प्रशासनाच्या गृहस्थांनी विचारलं, हे मागाहून बदलता येतं का. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "येतं. ज्याचं नाव आहे त्याला पुसताही येतं. पुसायला सांगितलंही होतं. त्यानं पुसलं नाही."

मग सगळे साहेबांकडे बघायला लागले. मेट्रननी फायलीतून काकांची दोन पत्रं काढली, प्रिंटर बदलून द्या म्हणून साहेबांना लिहिलेली, एक तीन वर्षांपूर्वीचं. काकांनी ती गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती.

२८ एप्रिल, सोमवार

निकाल आला. काकांना लेखी समज, नोकरी कायम. साहेबांचं प्रकरण वरच्या कमिटीकडे. प्रिंटर बदलणार. आणि एक मेपासून रिपोर्टचं काम लिनक्सवर, कारण त्यात प्रत्येकाचं नाव वेगळं राहतं. मी तीन महिने जे पटवू शकलो नाही, ते माझ्या एका एंटरनं पटलं. नवे प्रिंटर येईपर्यंत म्हणून मॅडमनी स्क्रिप्टमध्ये स्वतःच बदल केलाय. तिन्ही वॉर्डांतल्या ड्यूटीवरच्या सिस्टरांची नावं भरल्याशिवाय ती आठव्या पायरीपुढे सरकतच नाही. बरा केलाय. मी थोडा सुटसुटीत केला असता.

माझी मुदत तीसला संपते, ती वाढणार नाही. बरोबरच आहे. बाईंना काही झालं असतं तर मी कुठे असतो, हे कुणी बोललं नाही, मीही इथे लिहीत नाही.

ताईला सांगितलं, सगळं, फोनपासून खाटेपर्यंत. तिनं मशीनचा दोरा तोडला. मग म्हणाली, शर्ट घेऊन जा, दाजींना तो होत नाही.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. गेलेल्या माणसाचं नाव मशीनवर ठेवायचं नसतं, हा नियम मीच फेब्रुवारीत भिंतीवर लावला होता. काका म्हणाले, तूच सांग, मी टाइप करतो. शेजारी बसून अक्षर-अक्षर सांगितलं. ते बोट तसंच घिरट्या घालत होतं. मी म्हटलं, मध्ये एक उणेचं चिन्ह आणि एक अक्षर घाला, म्हणजे नावाबरोबर माझं फोल्डरही जाईल, त्यात नुसता कचरा आहे, जुन्या स्क्रिप्टा, मांजरांचे फोटो.

त्यांनी ते अक्षर घातलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ऐकू आलं, म्हणाले, आणि एंटर मारला. नाव गेलं, फोल्डर राहिलं. मी म्हटलं अहो काका, असं अर्धवट ठेवत नाहीत, मालक नसलेलं फोल्डर मशीनवर पडून राहतं, ही चुकीची पद्धत आहे. ते म्हणाले, असू दे. का, म्हटलं. दर वेळी का विचारणारा माणूस, या वेळी वही उघडून त्या अक्षराशिवायच ती ओळ उतरवून घ्यायला लागला. मॅडम पाठ करून प्रिंटरच्या खोक्यांवर नंबर घालत होत्या.

तीन महिने शिकवलं, आणि शेवटची कमांड तेवढी चुकीची केली.